वाचाघात: पॅरिसच्या रुग्णालयापासून हातातल्या मोबाईलपर्यंत

पक्षाघातातून सावरलेला घरचा माणूस तुम्हाला ओळखतो, पण पाणी मागायलाही त्याला शब्द सापडत नाही. हा वाचाघात. अशा वेळी नातेवाईक हळूच विचारतात, "डॉक्टर, यांना काही समजतं का?"

१८६१ साली पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात एका रुग्णाला 'टॅन' एवढंच म्हणता येई. "इथे किती वर्षं आहात?" असं डॉ. पॉल ब्रोका यांनी विचारलं. त्यानं पंजा चारदा उघडून दाखवला आणि वर एक बोट. एकवीस वर्षं! हिशेब अगदी बरोबर होता. काही दिवसांत तो वारला. तपासणीत मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. (काहींचं समजणंही बिघडतं, म्हणून आधी वाचातज्ज्ञांकडून तपासणी हवी.)

पुढे बराच काळ समोर बसून सराव आणि चित्रांचे तक्ते हेच साधन होतं. १९८०च्या दशकात अमेरिकेत चित्रं निवडून वाक्य जुळवणारे संगणक आले, मग लॅपटॉप, आणि आता मोबाईल. आयआयटी मुंबईनं केलेलं 'जेलो' हे मोफत ॲप मराठीत चित्रांवरून बोलतं. मुळात ते मुलांसाठी आहे, पण मोठ्यांनाही वापरून पाहता येतं. दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याहून रोज अमरावती-अकोल्याला थेरपीसाठी येणं किती घरांना जमतं? म्हणून ही साधनं मला मोलाची वाटतात.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ब्रिटनमध्ये २७८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही रुग्णांनी स्वतः निवडलेल्या शब्दांचा घरीच संगणकावर सराव केला. ते शब्द त्यांना जास्त सापडू लागले. रोजच्या गप्पा मात्र सुधारल्या नाहीत.

म्हणून शब्द तुमच्या घरातलेच निवडा. अकोल्याच्या आजीला 'मला भूक लागली' परकं वाटेल, 'मले भूक लागली' तिचं आहे. भाकर, वावर, नातवाचं नाव हे शब्द घरच्याच आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करा, सोबत घरचेच फोटो लावा. सकाळी दहा-पंधरा मिनिटं सराव झाला की तोच शब्द जेवताना मुद्दाम वापरा. "भाकर देऊ का भात?" असं विचारा आणि थांबा. घाईनं त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.