मुकी फटफटी आणि तिचा वंश



आमच्या मामांची जावा फटफटी बेळगावातील घरामागच्या पडवीत बावीस वर्षे उभी होती. 1968 साली घेतलेल्या या गाडीवरून मामा आंबोली घाट उतरून सावंतवाडीला जात असत. मामा गेले आणि ही गाडी भंगारात घालावी की पुन्हा चालू करावी, असा प्रश्न घरात निघाला. मी दुसरा पक्ष घेतला. त्या खटाटोपात माझ्या ध्यानात आले की, असले यंत्र दुरुस्त करावयाचे तर त्याचा इतिहास जाणून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

गल्लीतील वृद्ध मिस्त्रींकडे गेलो, तेव्हा त्यांचे पहिले वाक्य होते, “साहेब, किक मात्र मारू नका.” इंजिन वर्षानुवर्षे थांबले, की पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला धरून बसतात. एका जोरकस लाथेसरशी रिंग तुटते आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. म्हणून त्यांनी प्लग काढला, त्या छिद्रातून थोडे तेल सोडले आणि ते दोन दिवस मुरू दिले. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हातानेच हळूहळू हलविले. पिस्टन सुटला.

यानंतर त्यांनी क्रँककेसची ऑइल सीले बदलावयास काढली. तेल गळत नसताना हा खर्च कशाला, असे मी विचारले. त्याचे उत्तर शोधण्यास मात्र मागे एकोणिसाव्या शतकात जावे लागते.

जर्मनीतील ऑटो याने 1876 मध्ये चार धावांचे इंजिन यशस्वी केले. त्यात पिस्टनच्या चार धावांत एकदाच शक्ती मिळते. दोन धावांतच ती मिळावी म्हणून स्कॉटलंडच्या ड्यूगाल्ड क्लार्कने आपल्या इंजिनाला निराळा पंप जोडला. इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे याने 1891 च्या सुमारास त्या पंपालाच फाटा दिला. पिस्टनखालची बंद पेटी, म्हणजे क्रँककेस, हाच त्याने पंप केला. पिस्टन वर गेला की हवा व इंधन पेटीत ओढले जाते. खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये शिरते. पुढे डेच्याच कारखान्यातील फ्रेडरिक कॉक याने आणखी एक छिद्र ठेवून आत घेण्याच्या झडपेचीही गरज संपविली. केवढी ही सुटसुटीत रचना! पण 1946 मध्ये डे वारला, तेव्हा जगाला त्याचा जवळजवळ विसर पडला होता.

मिस्त्रींचे सारे नियम याच रचनेतून निघतात. पेटी हाच पंप असल्याने तीत वंगणाचा साठा ठेवता येत नाही. म्हणून वीस-पंचवीस भाग पेट्रोलात एक भाग तेल मिसळावे लागते. सीले कडक होऊन तडकली की पंप फुटका होतो, बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते आणि पिस्टन धरतो. घाट उतरताना मामा अधूनमधून उगाच मूठ पिळीत. लहानपणी आम्हांला तो त्यांचा तोरा वाटे. मूठ बंद तर पेट्रोल बंद आणि पेट्रोल बंद तर तेलही बंद. हे त्यांना ठाऊक होते, एवढाच त्याचा अर्थ!

सिलिंडर उघडल्यावर पिस्टनचा माथा जवळपास सपाट दिसला. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत ताजे मिश्रण वर वळविण्यासाठी माथ्यावर उंचवटा असे. जर्मनीच्या अडोल्फ श्न्यूर्ले याने 1925 च्या सुमारास छिद्रांचा कोनच असा ठेवला, की मिश्रण आपोआप वळसा घेऊन वर जावे. त्या पद्धतीवर त्स्कोपाऊ येथील डीकेडब्ल्यू कारखान्याने 1939 मध्ये आरटी 125 ही गाडी काढली. महायुद्धानंतर तिचा आराखडा जेत्यांच्या हाती गेला आणि एका गाडीचे वंशज जगभर जन्मले: रशियात मॉस्क्वा, इंग्लंडमध्ये बॅंटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची 125, आणि 1955 मध्ये जपानात यामाहाची पहिली मोटरसायकल.

जावाचे घराणे चेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून 1929 मध्ये ‘जावा’ हे नाव बनले. जर्मनांच्या अमलाखाली तेथील तंत्रज्ञांनी गुप्तपणे नवी 250 सीसीची गाडी तयार केली आणि 1946 मध्ये ती जगापुढे आली. तिच्याच परंपरेतील गाड्या, 1960 साली म्हैसूरला निघालेल्या आयडियल जावा कंपनीने आपल्याकडे बनविल्या. पुढे त्यांचे नाव येझदी झाले. 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला.

जो गुण तोच दोष, असे या इंजिनाचे झाले. आत येण्याची व बाहेर जाण्याची छिद्रे काही क्षण एकदमच उघडी असल्याने थोडे ताजे इंधन न जळताच निसटते, आणि तेलही धूर होऊन बाहेर पडते. धुराचे नियम कडक होत गेले, तसतसे हे यंत्र रस्त्यावरून मागे हटले. ते योग्यच झाले, असे मी मानतो.

अखेरीस टाकीतील गंज काढला, कार्ब्युरेटरच्या जेटांत गोठलेला पेट्रोलचा चिकटा धुतला, पॉइंट घासून त्यांत अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतर ठेवले आणि सायलेन्सरची काजळी खरवडली. सातव्या लाथेला गाडी बोलली. मिस्त्री गिऱ्हाइकाकडे न पाहता डोळे मिटून ऐकत राहिले. त्यांचा मुलगा आता संगणक जोडून नव्या गाड्यांचे दोष शोधतो. हे ऐकणे त्याला कोणी शिकविलेले नाही.

ती गाडी आम्ही रोज चालवीत नाही, चालवूही नये. महिन्यातून एकदा तिला जागी करतो, आणि त्या दिवशी मिस्त्रींच्या मुलालाही बोलावतो. पडवीत बावीस वर्षे पडलेले लोखंड पुन्हा चालू करता आले. कान मात्र एकदा गेले की परत मिळत नाहीत. आपल्या पडवीत अशी एखादी मुकी फटफटी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जवळच्या जुन्या मिस्त्रींना हाक मारा, आणि सोबत घरातले एखादे पोरही उभे करा.