कँपबेलटाउनचे चित्रपटगृह

१९१३ साल आपल्याला ठाऊक आहे ते दादासाहेब फाळक्यांमुळे. त्या वर्षी ३ मे रोजी मुंबईत, गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. ते कॉरोनेशन आज उरलेले नाही. त्याच महिन्याच्या २६ तारखेला, इथून हजारो मैलांवर, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कँपबेलटाउन या गावी एक चित्रपटगृह उघडले. ते मात्र उभे आहे, आणि त्यात आजही खेळ होतात.

गाव तसे लहानच. वस्ती पाच हजारांच्या आत, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. समुद्रात लांबवर घुसलेल्या जमिनीच्या पट्टीच्या टोकाशी ते वसले आहे. ग्लासगोहून सडकेने जायचे तर सव्वादोनशे किलोमीटर. हेरिंग मासळी आणि दारूच्या भट्ट्या यांवर ते पोसले. पुढे भट्ट्या एकामागून एक विझल्या, मासळीही आटली. अशा उतरत्या गावात सिनेमाचे घर टिकावे, हे नवलच नाही का?

ते बांधले अल्बर्ट गार्डनर या ग्लासगोच्या वास्तुशिल्पकाराने. त्या काळची फिल्म पटकन पेट घेणारी. म्हणून ब्रिटनमध्ये १९०९ साली कायदा झाला, की प्रोजेक्टरची खोली प्रेक्षकांपासून वेगळी आणि आगीला दाद न देणारी हवी. कुठल्याही दिवाणखान्यात पडदा टांगून खेळ करण्याचे दिवस त्यामुळे सरले, आणि खास सिनेमासाठी इमारती उठू लागल्या.

१९३० नंतरच्या दशकात गार्डनरलाच पुन्हा बोलावले. त्याने पडद्याच्या दोन बाजूंना प्लास्टरची दोन छोटी घरे उभी केली आणि वरचे छत आकाशासारखे रंगविले. बसणाऱ्याला वाटावे, आपण उघड्या अंगणातच बसलो आहोत! (आपल्या जत्रेतल्या तंबूत ही सोय फुकट होती; कापडाच्या भोकांतून खरेच आकाश दिसे.)

मग घरोघर दूरचित्रवाणी आली. पुढचे सांगायला नकोच, ते आपल्याकडेही घडले आहे. सुरुवातीला ६४० खुर्च्या होत्या, त्या कमी करीत २६५ वर आणल्या. तरी १९८६ मध्ये दाराला कुलूप लागले. आपल्याकडे अशा टॉकीजचे बहुधा गोदाम होते किंवा मंगल कार्यालय. तिथे गावकऱ्यांनी एक धर्मादाय संस्था काढली, इमारत घेतली आणि १९८९ मध्ये पुन्हा पडदा उजळला. धंदा म्हणून जे परवडत नव्हते, ते गावाचे काम म्हणून चालू लागले.

एवढ्याने भागले असे नाही. जुनी भिंत कोणाच्या मालकीची आहे हे ओळखून गळायची थांबत नाही. शेवटी लॉटरीच्या उत्पन्नातून मिळणारे सार्वजनिक अनुदान आणि इतर देणग्या मिळून सुमारे ३५ लाख पौंड खर्च झाले, आणि २०१७ च्या डिसेंबरात घर नव्याने उघडले.

या दुरुस्तीतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. नवा चित्रपट द्यायचा तर वितरक म्हणतो, तो सलग लावलाच पाहिजे. मोठ्या शहरात हे चालते. लहान गावात ज्यांना पाहायचा ते पहिल्या तीन-चार दिवसांतच पाहून घेतात, आणि पुढे रिकाम्या खुर्च्यांपुढे यंत्र चालवायचे, वीज जाळायची. यावर उपाय एकच, दुसरा पडदा. एकावर नवा चित्रपट चालू राहतो, दुसऱ्यावर पोरांचे, म्हाताऱ्यांचे, जुने-पुराणे काय ते लावता येते. पुष्कळ ठिकाणी यासाठी जुन्या सभागृहातच मधे भिंत घालून दोन तुकडे करतात. कँपबेलटाउनकरांनी तसे केले नाही. दुसरा लहान पडदा त्यांनी शेजारी नवी जोड-इमारत बांधून बसविला, आणि गार्डनरची ती दोन प्लास्टरची घरे होती तिथेच राहिली.