पेट्रोलची छाप आणि पेट्रोलचा गुण

निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्रोलमध्ये गुणभेद असतो काय, ह्या प्रश्नावर अमेरिकेचा इतिहास प्रकाश टाकतो. टेट्राएथिल लेड ह्या संयुगाने एंजिनातील खटखट थांबते, असे १९२१ मध्ये टॉमस मिजली ह्यांना आढळले. १९२३ मध्ये डेटन येथे ‘एथिल’ पेट्रोल विक्रीस आले; त्या नावातून शिशाचा उल्लेख मात्र वगळलेला होता. हा भेद खरा होता. परंतु तो मूळ तेलाचा नसून त्यात मिसळलेल्या द्रव्याचा होता. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे ह्याच द्रव्याच्या विषबाधेने पाच कामगार मृत्यू पावले. रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल तेथे १९९६ मध्ये निषिद्ध झाले. तत्पूर्वी, १९९५ मध्ये, एंजिन स्वच्छ राखणारे द्रव्य सर्वच पेट्रोलमध्ये सक्तीचे झाले होते. आज छापांमधील भेद मुख्यतः त्याच्या प्रकारात व प्रमाणात आहे. तात्पर्य, छाप गुणाची ग्वाही देईल, निर्विषतेची नव्हे.