भूमापनातील कॅड आराखड्यांची देवाणघेवाण

कॅडमध्ये काढलेला आराखडा टोटल स्टेशन (कोन व अंतर मोजणारे यंत्र) किंवा जीएनएसएस रोव्हर (उपग्रहांवरून स्थान ठरवणारे फिरते यंत्र) चालवणाऱ्या क्षेत्रीय आज्ञावलीत नेणे आणि जागेवर केलेली मोजणी पुन्हा कॅडमध्ये आणणे, अशी ही दुहेरी प्रक्रिया आहे. जागेवर जाणारा आराखडा लाइन-आउटसाठी, म्हणजे नियोजित कोपरे व मध्यरेषा जमिनीवर खुंट्या ठोकून दाखवण्यासाठी लागतो. परत येणाऱ्या मोजणीवरून नकाशा, क्षेत्रफळ व भराव-खोदाईचे घनफळ काढतात. ट्रिम्बल ॲक्सेस, लायका कॅप्टिव्हेट, कार्लसन सर्व्हसीई या अशा काही क्षेत्रीय आज्ञावल्या होत.

फाइलींचे प्रकार : सर्वांत रुळलेला प्रकार डीएक्सएफ. ऑटोडेस्क कंपनीने तो डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आणला. ऑटोकॅडची मूळ डीडब्ल्यूजी ही द्विमान फाइल असते, तर डीएक्सएफ सहसा साध्या मजकुराच्या रूपात असते. तिच्यात एका ओळीत संकेतांक व पुढच्या ओळीत त्याचे मूल्य अशा जोड्या असतात : ८ म्हणजे लेअरचे नाव, तर १०, २० व ३० म्हणजे बिंदूचे क्ष, य व झ सहनिर्देशक. देवाणघेवाणीसाठी १९९२ च्या आर१२ आवृत्तीतील डीएक्सएफ अजूनही मागितली जाते. तिच्यात स्प्लाइन व लंबवर्तुळ हे घटक नसल्याने अशा वक्रांचे पॉलिलाइनमध्ये रूपांतर होते, आणि साधी फाइल जुन्या कंट्रोलरलाही (क्षेत्रीय आज्ञावली चालते त्या हातातील यंत्रालाही) वाचता येते. नुसत्या बिंदूंसाठी स्वल्पविरामांनी विभागलेली सीएसव्ही फाइल पुरते. पृष्ठभाग व रस्त्याची आखणी अर्थासह न्यायची असल्यास लँडएक्सएमएल वापरतात, तिची १.२ ही आवृत्ती २००८ ची आहे.

नेण्यापूर्वीची तयारी : आराखड्यातून फर्निचर, हॅच, मापांच्या रेषा काढून टाकतात, बाहेरून जोडलेले नकाशे फाइलीत बांधून घेतात व ब्लॉक फोडतात. वास्तुविशारदाचा आराखडा बहुधा मिलिमीटरमध्ये आणि शून्य बिंदूजवळ असतो. भूमापकाला तो मीटरमध्ये व जागेच्या सहनिर्देशकांवर हवा असतो. म्हणून तो आधी ०.००१ पट करतात, मग दोन ज्ञात बिंदूंवर सरकवून व फिरवून बसवतात. बसवताना पट पुन्हा बदलावा लागला, तर आराखडा व जागा यांची मापे जुळत नाहीत असे समजावे.

नेहमीच्या चुका : फाइलीतून आकडे बिनचूक जातात, पण त्यांचा अर्थ बरोबर जातोच असे नाही. आकडा मीटरचा की मिलिमीटरचा, हे आर१२ फाइल सांगत नाही. कॅडमध्ये क्ष म्हणजे ईस्टिंग आधी येते. भूमापनाच्या सीएसव्हीत पुष्कळदा बिंदू क्रमांक, नॉर्दिंग, ईस्टिंग, उंची व वर्णन असा क्रम असतो. यूटीएम या सहनिर्देशक पद्धतीत महाराष्ट्र व गोव्यात नॉर्दिंग सात अंकी आणि ईस्टिंग सहा अंकी येते, त्यामुळे अदलाबदल पाहताक्षणी ओळखता येते. कॅडमध्ये कोन मूळ मांडणीनुसार पूर्वेकडून घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात, तर दिगंश उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने. द्विमितीय आराखड्यातील रेषांची उंची शून्य असते. ती तशीच नेल्यास समुद्रसपाटीपासून ५६० मी. उंचीच्या जागेवर रोव्हर ५६० मी. खोदाई दाखवतो.

सहनिर्देशक पद्धतीची चूक अधिक छुपी असते. महाराष्ट्र यूटीएमच्या ४३ व ४४ या दोन पट्ट्यांत विभागला आहे. ७८° पूर्व रेखावृत्त ही त्यांची सीमा. अमरावती शहर ४३ मध्ये, तर नागपूर ४४ मध्ये येते. पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तावर (४३ साठी ७५° पूर्व) प्रमाणांक ०.९९९६ असल्याने एक किलोमीटर अंतर नकाशाच्या जाळीवर सु. ४० सेंमी. कमी भरते. टेपने मोजलेले अंतर व जाळीवरील अंतर एकाच आराखड्यात मिसळल्यास लांब रस्त्याच्या किंवा कालव्याच्या कामात खुंट्या चुकतात. एककातील फरकही असाच छुपा असतो : अमेरिकेत २०२२ अखेर अधिकृत वापरातून गेलेला सर्वेक्षण फूट (१२००/३९३७ मी.) आणि आंतरराष्ट्रीय फूट (०.३०४८ मी.) यांतील फरक दशलक्षात दोन एवढाच आहे, तरी २० लाख फुटांच्या सहनिर्देशकात तो चार फूट होतो.

परतीचा प्रवास : मोजणीच्या वेळी प्रत्येक बिंदूला झाड, खांब, रस्त्याची कड असा संकेत दिलेला असतो. त्यावरून कॅडमधील भूमापन आज्ञावली बिंदू योग्य लेअरवर टाकते, चिन्हे बसवते व एकाच कडेचे बिंदू रेषेने जोडते. डीएक्सएफमध्ये मात्र फक्त अंतिम सहनिर्देशक येतात. मोजलेले कोन, अंतरे, यंत्राची व प्रिझमची उंची येत नाही. प्रिझमची उंची चुकीची भरल्याचे नंतर लक्षात आले, तर दुरुस्ती मूळ निरीक्षणांवरूनच करावी लागते. म्हणून कंट्रोलरमधील कच्ची फाइल वेगळी जपतात.

पडताळणी : आराखडा कंट्रोलरमध्ये आल्यावर एका ज्ञात भिंतीची लांबी पडद्यावर तपासतात आणि पहिली खुंटी ठोकण्याआधी, आराखडा बसवताना न वापरलेला एक कंट्रोल पॉइंट (ज्ञात सहनिर्देशकांचा बिंदू) जागेवर मोजून पाहतात.