झाकणाची बाजारपेठ

"मामा, कागदी स्ट्रॉला सोसेल असं झाकण काढायचं म्हणतो," भाचा म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला. भांडवल माझ्या फंडातून निघणार होतं.

त्याला परावृत्त करण्यासाठी मी इतिहासाचा आधार घेतला. कागदी नळी काही नवी नव्हे. वॉशिंग्टनच्या मार्विन स्टोनसाहेबांनी १८८८ सालीच तिचं पेटंट घेतलं. त्याआधी लोक राय गवताच्या काडीनं पीत, आणि पेयाला गवताची चव येई! (आपण भारतात गवत म्हशीला घालतो, हे किती बरं!) पुढे प्लॅस्टिकनं कागदाला हुसकावलं. १ जुलै २०२२ला प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आली आणि कागद परतला. पण झाकणावरची फुली कडक नळीच्या बेतानं कापलेली. कागदी नळी तीत शिरतानाच मान टाकते.

"तेच तर!" भाचा उसळला. इतिहास माझ्यावरच उलटला.

मे महिन्यात नमुने घेऊन आम्ही निघालो. अमरावतीला राजकमल चौकाजवळचा ज्यूसवाला खूश झाला. "फुकट असन तं शंभर ठेवून द्या." किंमत सांगताच शंभरही परत. स्कूटीवरची एक मुलगी तेवढी म्हणाली, "पार्सल सांडणार नसेल तर रुपया जास्त देईन."

अकोल्याचा रसवंतीवाला नमुना उलटासुलटा करून म्हणाला, "भाऊ, गिलासाले तोंड हाये, मानसाले तोंड हाये. मधात झाकन कायले?"

भाच्यानं वहीत लिहिलं : 'अमरावती – एक रुपया. अकोला – प्रतिकूल. खामगाव बघणे.'