पायथॉनमध्ये घड्याळ बनवताना विंडो हँग का होते?

पायथॉन शिकताना प्रिंट, इफ, लूप झालं की पुढे काय करायचं, असा प्रश्न पडतो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर चालणारं छोटं डिजिटल घड्याळ हा त्यासाठी चांगला प्रोजेक्ट आहे. कोड जेमतेम दहा-बारा ओळींचा, पण बरंच काही शिकवणारा.

यासाठी लागतं टीकिंटर. विंडो, बटणं वगैरे तयार करणारं 'टीके' हे टूलकिट जॉन ऑस्टरहाउट या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने बनवलं. ते पायथॉनमधून वापरायचं तर टीकिंटर हवं. विंडोजवर ते पायथॉनच्या अधिकृत इन्स्टॉलरसोबतच येतं. उबंटूवर मात्र वेगळं इन्स्टॉल करावं लागतं.

घड्याळात असतं काय? एक विंडो, तिच्यात एक लेबल आणि वेळ वाचून त्या लेबलवर लिहिणारं एक फंक्शन. वेळ हव्या त्या रूपात मांडायचं काम 'स्ट्रफटाइम' करतं.

आता खरी अडचण. वेळ दर सेकंदाला बदलायची कशी? पहिल्यांदा सुचतं ते न संपणारं व्हाइल लूप आणि त्यात एका सेकंदाचं 'स्लीप'. पण असं केलं की विंडो एकतर दिसतच नाही किंवा 'नॉट रिस्पॉन्डिंग' होते.

कारण टीकिंटर स्वतःच 'मेनलूप' नावाच्या चक्रात फिरत असतं. क्लिक झालं का, विंडो सरकली का, आकडे पुन्हा रंगवायचे का, ही सगळी कामं ते एकेक करून उरकतं. काउंटरवर एकच कारकून आहे असं समजा. त्यालाच झोपवलं तर रांग पुढे सरकणार कशी?

यावर उपाय म्हणजे 'आफ्टर'. "१००० मिलिसेकंदांनी मला पुन्हा बोलाव" असा निरोप ठेवून फंक्शन संपतं आणि मेनलूप मोकळं होतं. इथे फंक्शनचं फक्त नाव द्यायचं. नावापुढे कंस टाकले तर ते थांबतच नाही, स्वतःलाच बोलावत राहतं आणि शेवटी रिकर्शन एरर येते.

आणखी एक गोष्ट. १००० मिलिसेकंद म्हणजे 'किमान' तेवढा वेळ. मेनलूप दुसऱ्या कामात असेल तर थोडा उशीर होतोच. म्हणून आपण सेकंद मोजत बसायचं नाही, दर वेळी कॉम्प्युटरचीच वेळ वाचायची. तरीही हे छोटे उशीर साठत जातात आणि कधीतरी ३१ नंतर थेट ३३ दिसतं. तसं झालं तर १००० च्या जागी २०० लिहा.