अल्कलाइन फॉस्फेटेज आणि उपसागरातील फॉस्फरसचक्र

अल्कलाइन फॉस्फेटेज : सेंद्रिय रेणूंना जोडलेला फॉस्फेट गट पाण्याच्या साहाय्याने तोडून मोकळा करणारे एंझाइम. यकृताच्या रक्ततपासणीच्या अहवालात हेच नाव आढळते. समुद्रात ते मुख्यतः जीवाणू आणि वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल) तयार करतात.

फॉस्फरसाशिवाय डीएनए, एटीपी किंवा पेशीपटल घडत नाही. नायट्रोजनासारखा त्याचा हवेत साठा नसतो. खडकांची झीज, शेतातून वाहून आलेले खत, सांडपाणी आणि तळाचा गाळ हेच त्याचे स्रोत. विरघळलेले साधे फॉस्फेट पेशी सरळ शोषून घेतात. न्यूक्लिओटाइडे किंवा शर्करा-फॉस्फेटे यांसारखी संयुगे बहुधा आधी फोडावी लागतात. फॉस्फेट मुबलक असेपर्यंत पेशी हे एंझाइम फारसे बनवत नाहीत. टंचाई भासू लागली की त्याची निर्मिती वाढते. एंझाइमाला धातूही लागतात : ‘फो-ए’ प्रकाराला जस्त व मॅग्नेशियम, तर ‘फो-एक्स’ प्रकाराला कॅल्शियम व लोह.

मापनासाठी पाण्याच्या नमुन्यात कृत्रिम फॉस्फेट संयुग मिसळतात. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट वापरल्यास ते फुटताना पिवळा रंग येतो. समुद्राच्या पाण्यात क्रिया मंद असल्याने मेथिलअंबेलिफेरिल फॉस्फेट अधिक सोयीचे ठरते. त्यातून सुटा झालेला रेणू अतिनील प्रकाशात निळा चमकतो आणि ही चमक किती वेगाने वाढते त्यावरून एंझाइमाची क्रियाशीलता काढतात.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागर हे फॉस्फरसाच्या चक्राचे उत्तम उदाहरण आहे. त्याची लांबी सुमारे ३२० किमी., सरासरी खोली मात्र जेमतेम साडेसहा मीटर. येणाऱ्या गोड्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे सस्क्वेहॅना नदीचे. वसंतात ही नदी भरून वाहते आणि भरपूर नायट्रेट आणते. समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी दाखवल्याप्रमाणे प्लवकांना नायट्रोजन व फॉस्फरस साधारण १६:१ या प्रमाणात लागतात. नदीच्या पाण्यात नायट्रोजन त्याहून कितीतरी जास्त असतो. डायटम या वनस्पतिप्लवकांची वाढ जोमाने होते, फॉस्फेट संपत येते आणि एंझाइमाची क्रिया वाढण्याजोगी स्थिती तयार होते. उन्हाळ्यात चित्र उलटते. वरचे कोमट, कमी खारे पाणी खालच्या पाण्यात मिसळत नाही; बुडालेले प्लवक कुजताना तळाचा ऑक्सिजन संपतो. गाळातील लोहाच्या ऑक्साइडांनी धरून ठेवलेले फॉस्फेट तेव्हा सुटते. आता तुटवडा नायट्रोजनाचा असतो. शरद ऋतूत पाणी ढवळून निघते, ऑक्सिजन तळाशी पोहोचतो आणि लोह फॉस्फेटला पुन्हा बांधू लागते.

अशी टंचाई ओळखण्यासाठी केवळ फॉस्फेटच्या आकड्यावर विसंबणे चुकीचे. पाण्यात फॉस्फेट कमी दिसले तरी जीवाणू ते झपाट्याने पुन्हा पुरवत असतील, तर उपासमार नसते. एंझाइमाची क्रिया सजीवांच्या गरजेबद्दल अधिक नेमके सांगते, पण एकटीच पुरेशी साक्ष ठरत नाही. पेशीबाहेर पडलेले एंझाइम टंचाई ओसरल्यावरही काही काळ काम करत राहते. काही जीवाणू फॉस्फरसापेक्षा कार्बनासाठी अशी संयुगे फोडतात. शिवाय किनाऱ्याच्या पाण्यात ५'-न्यूक्लिओटिडेज हे दुसरे एंझाइम फॉस्फेट भरपूर असतानाही न्यूक्लिओटाइडे तोडत असते; संशोधक ॲमरमन आणि आझम यांनी १९८५ मध्ये ते दाखवून दिले.

धोरणाच्या दृष्टीने टंचाईचा ऋतूंनुसार होणारा बदल फार महत्त्वाचा आहे. मेरीलँड राज्याने १९८५ मध्ये फॉस्फेटयुक्त धुलाई पावडरींवर बंदी आणली, तो निर्णय योग्यच होता. पण वसंतात फॉस्फरस आणि उन्हाळ्यात नायट्रोजन अपुरा पडणाऱ्या पाण्यात एकाच पोषकद्रव्याला आवर घालून भागत नाही. चेसापीकसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० मध्ये ठरवलेल्या मर्यादा नायट्रोजन, फॉस्फरस आणि गाळ या तिन्हींना लागू आहेत.